हळदीतली भेग

सोयाबीन वाळलं की शेंगा आपोआप तडकायला लागतात. ऑक्टोबरच्या दुपारी रानाच्या कडेला गप उभं राहिलं तर ऐकू येतं. इथं एक तड, तिथं एक तड, मग सगळ्या रानातून. शेतकरी त्या आवाजानं मजूर शोधत पळतो, कारण मातीत सांडलेला दाणा काही परत शेंगेत जात नाही. तो आवाज मलाही नको वाटतो. मला ना रान, ना सोयाबीन. बोरीच्या पुढं फाट्यावर माझं वेल्डिंगचं दुकान आहे, तेवढंच. पण काही बारीक तडकल्याचा आवाज झाला की मला सहा वर्षांमागचा हंगाम आठवतो आणि हातातल्या कामाची वाट लागते.

या दिवसांत दुकानात चहासुद्धा भुशाचा लागतो. मळणी यंत्रं चारी बाजूंनी धडधडत असतात, भुसा उडून मानेवर बसतो, घामात भिजतो आणि अशी खाज सुटते की देवाचं नाव घ्यावं की शिवी द्यावी कळत नाही. कापून मोकळ्या झालेल्या रानात मेंढरं येऊन बसतात. रस्त्यानं ट्रॉल्यांची रांग लागते. जाताना इळे घेतलेल्या बाया, येताना पोती. कुणाचा पत्रा फाटला, कुणाचं हूक वाकलं, सगळे माझ्या दारात. आणि प्रत्येकाला माझं काम आधी पाहिजे. मी तोंडानं फटकळ आहे, लोकांना ठाऊक आहे. ‘तुझ्या आधी चार जण हायेत, तुझ्या गाडीला काय सोन्याची चाकं हायेत व्हय?’ असं म्हटल्याशिवाय मला काम सुचत नाही. लोक हसतात. पूर्वी मीही हसायचो.

मागच्या आठवड्यात खंडेनवमी झाली. आमच्याकडं त्या दिवशी हत्याराला हात लावायचा नाही. हातोडा, पाने, वेल्डिंगचं मशीन, सगळं धुऊन पुसून मांडायचं, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा आणि दिवसभर दुकानात नुसतं बसून राहायचं. माझी बायको दरवर्षी ताट घेऊन येते आणि समोर दिसेल त्या लोखंडाला पाच बोटं हळदीची लावते. तिच्या तावडीतून काही सुटत नाही. एका वर्षी तिनं दारात उभ्या असलेल्या पोस्टमनच्या सायकललाही लावली होती. यंदा ती ताट घेऊन आत आली आणि मी उठून बाहेर गेलो. हळद ओल्या लोखंडावर बसताना मला बघवत नाही, हे तिला माहीत आहे.

सहा वर्षांमागं नवमीला दुकानात भगवानरावाची ट्रॉली उभी होती. आदल्या दिवशी बेअरिंगला ग्रीस भरायला म्हणून तिचं एक चाक काढलं होतं आणि खालचा ॲक्सल, म्हणजे दोन चाकांना जोडणारा लोखंडी दांडा, मी डिझेलनं घासून पुसला होता. वर्षानुवर्षांचा चिखल निघून तो अगदी नव्यासारखा दिसत होता. बायकोनं वाकून त्यालाही हळद लावली. तासाभरानं मी सहज बघितलं तर कमानीचे पाटे, म्हणजे स्प्रिंगच्या पट्ट्या, जिथं बसतात त्याच्या शेजारी, दांड्याच्या खालच्या अंगाला, हळदीत एक बारीक ओली रेघ उमटली होती. दोन बोटं लांब. मी बोटानं पुसली. हळद परत लावली. रेघ परत उमटली.

या धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. लोखंडाला भेग असली की तिच्यात डिझेल शिरतं, वरून कितीही पुसा, आतलं थोडंथोडं बाहेर येत राहतं आणि वरच्या कोरड्या भुकटीत रेघ मारतं. आम्ही एरवी हे खडूनं करतो. त्या दिवशी हळदीनं झालं. देवानं एवढं हळदीत लिहून दाखवलं, आणखी काय करायचं होतं त्यानं?

भगवानरावाला बोलावलं. हा माणूस वाईट नाही, आजही म्हणेन. पन्नास एकरांचा धनी, पण कापणीच्या दिवसांत स्वतः ट्रॅक्टरवर बसणारा. तो खाली वाकला, बघितलं, म्हणाला, ‘एवढीशी तर रेघ हाय.’

‘एवढीशीच असती आधी. नवा ॲक्सल टाकावा लागंल. जिंतूरहून मागवतो, एसटीत टाकून देतील.’

‘अन् तवर? सगळं रान तडकायलंय. दुसरी ट्रॉली या दिवसांत कोन देतंय? तूच बग काहीतरी. भार देऊन बगू की.’

भार देऊन बघणं ही माझ्याच दुकानाची रीत. आमच्या भागात मडकं वाजवून घेतात, बैल चालवून घेतात, तशी मी दुरुस्त केलेली ट्रॉली भार देऊन घेत असे. नेहमीच्या दुप्पट पोती भरायची, ओढ्यापर्यंत जायचं, यायचं. टिकली तर टिकली. वडील बैलगाड्यांचं काम करायचे, त्यांच्यापासून हे चालत आलेलं. मला या रितीचा अभिमान होता. ‘माझ्याकडची ट्रॉली वाजवून दिलेली असती,’ असं मी छाती काढून सांगायचो.

दसऱ्याला सकाळी ट्रॉली भरली. पोती इतकी रचली की टायर दबून पसरट झाले. भगवानराव ओढ्यापर्यंत गेला, खड्ड्याखुड्ड्यातून मुद्दाम घातली, परत आला. कुईं नाही की कुरकुर नाही. पोती उतरवल्यावर मी खाली शिरलो आणि भेगेच्या दोन्ही टोकांना पंच ठोकून दोन ठिपके केले. भेग पुढं सरकली तर ठिपका ओलांडून दिसेल, असा हिशेब. ‘बघ, काय झालं? काई न्हाई,’ भगवानराव म्हणाला आणि मला सोनं दिलं. आपट्याचं पान हातात घेऊन मी हो म्हणालो.

आता गयाबाईचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय या हंगामाला अर्थ नाही.

गयाबाई म्हणजे कापणीला जाणाऱ्या बायांच्या टोळीची पुढारीण. माझ्या बायकोच्या माहेरच्या गावची, त्यामुळं मी तिचा दाजी. दाजी-मेव्हणीचं नातं म्हणजे थट्टेला मोकळं रान, आणि ती माझ्यापेक्षा दहा पटींनी फटकळ. टोळी फाट्यावर जमायची, ट्रॉली तिथंच यायची. सगळ्यांच्या आधी ती यायची, माझ्या दुकानातल्या माठातून बाटली भरायची आणि भरता भरता माझ्या कामाला नावं ठेवायची. ‘दाजी, हे जोडलंय का चिकटवलंय?’ एकदा माझ्या नव्या चपला बघून म्हणाली, ‘अगं बाई, दाजी सासुरवाडीला निघाले वाटतं.’ तिचे पाय मात्र कायम अनवाणी. टाचांना अशा भेगा की त्यांत ज्वारीचा दाणा बसावा.

दसऱ्यानंतरच्या पहिल्या सकाळी मी ट्रॉलीखाली पडून हळद लावत होतो. होय, हळदच. खडू संपला होता आणि ताटातली उरली होती. ती वाकून बघायला लागली.

‘दाजी, लोखंडाला हळद लावायलाव. लगीन हाय का त्याचं?’

‘बारका चिरा हाय. बघायलोय.’

ती थट्टेचा सूर सोडून म्हणाली, ‘अकरा बाया हायेत माझ्याबरूबर. लेकुरवाळ्या हायेत. बसू का न्हाई ते नीट सांगा.’

मी रेघ बघितली. ठिपक्याच्या आत होती. बाहेर आलो, हात झटकले आणि म्हणालो, ‘तुझ्या टाचंला किती भेगा हायेत गयाबाई? चालायची थांबलीस का तू?’

ती खळखळून हसली. ‘मेलं तुमचं तोंड!’ म्हणाली आणि ट्रॉलीत चढली. चढून तिनं बाकीच्यांना हात दिला.

ते वाक्य मी सहा वर्षं चघळतोय. आंब्याची कोय चघळावी तसं, रस संपला तरी तोंडातून टाकवत नाही.

अकरा दिवस हेच चाललं. रोज सकाळी मी खाली, ती वरून विचारणार, ‘दाजी, बसू का?’ रेघ रोज तिथंच. पंचाच्या ठिपक्याच्या आत, केसभरही पुढं नाही. आधी मी घाबरतच बघायचो. चार दिवसांनी घाबरणं गेलं. आठ दिवसांनी वाटायला लागलं की आपण उगाच बाऊ केला. जिंतूरला फोन करायचा राहिला होता, तो राहूनच गेला. भगवानराव म्हणाला, ‘हंगाम निघू दे, मंग निवांत बदलू,’ आणि मी बरं म्हणालो. दुप्पट भार झेललाय, जागची हललेली नाही, म्हणजे भेग मेली, अशी माझी खात्री झाली. बाराव्या दिवशी मी बघायचं सोडलं. गयाबाईनं मात्र विचारायचं सोडलं नाही. ती बाटली भरत विचारायची आणि मी काम करता करता मान वर न करता म्हणायचो, ‘बस गं, बस. रोज काय इचारायलीस?’

सोळाव्या दिवशी सकाळी मी चहा पीत होतो. मोटारसायकलवर एक जण आला आणि म्हणाला, जॅक घेऊन चला.

ओढ्याच्या अलीकडं, चांगल्या सपाट रस्त्यावर ट्रॉली कलंडली होती. चाक निखळून शेजारच्या रानात जाऊन पडलं होतं. पोतं एक नव्हतं ट्रॉलीत. बारा बाया, डबे, इळे आणि पाण्याच्या बाटल्या. बाया रस्त्यावर बसून रडत होत्या, कुणाचा हात मोडला होता, कुणाचं डोकं फुटलं होतं. गयाबाई फाळक्याखाली, ट्रॉलीच्या बाजूच्या पत्र्याखाली, होती. नेहमीसारखी कडेला बसली असणार, उतरताना सगळ्यांना हात द्यायला. मी माझ्या जॅकनं ट्रॉली उचलली. माझे हात बरोबर चालत होते, कुठं टेकण द्यायचं, किती फिरवायचं, सगळं सुचत होतं, याचीच मला आता शरम वाटते. तिला बाहेर काढलं तेव्हा ती गेलेली होती. तिच्या टाचा तेवढ्या मला दिसल्या. तोंडाकडं माझ्यानं बघवलं नाही.

मला कुणी काही म्हटलं नाही. हे नीट ऐका. कुणी म्हणजे कुणीच नाही. पोलिसांच्या कागदावर आलं की चाक खड्ड्यात गेलं. लोक म्हणाले, दसऱ्याला ह्याच ट्रॉलीनं केवढा डोंगर वाहिला, तवा मोडली न्हाई अन् रिकाम्यात मोडली. बाईचा काळ बी आला व्हता अन् येळ बी आली व्हती. तेराव्याला मी जेवलो. गयाबाईच्या लेकानं मला आग्रह करून वाढलं. भगवानराव माझ्याशेजारीच बसला होता. आम्ही दोघांनी एकमेकांकडं बघितलं नाही. दोघांच्याही डोळ्यांवर कातडं, आणि ते दोघांनी आपल्या हातानं ओढलेलं.

मोडका ॲक्सल माझ्याच दुकानात आला. मोडलेलं टोक मी हातभर कापून घेतलं, तेलकट फडक्यात गुंडाळलं आणि पत्र्याच्या डब्यात घालून टेबलाखाली सारलं. का ठेवलं, सांगता येत नाही. फेकून देण्याची हिंमत झाली नाही, एवढं खरं.

माझी मुलगी शीतल इंजिनिअरिंगला आहे, शेवटच्या वर्षाला. मागच्या दिवाळीत आली होती. दुकान झाडताना तिला तो डबा सापडला. फडकं सोडून ती उजेडात गेली आणि तिचा चेहरा असा फुलला की मला ओरडून सांगावंसं वाटलं, ठेव ते खाली.

‘आबा, काय सुंदर नमुना आहे हा! आमच्या सरांनी असा फक्त चित्रात दाखवलाय.’

ती मला समजावायला लागली. मोडलेल्या तोंडावर दोन भाग होते. एक गुळगुळीत, बराच मोठा, त्याच्यावर एकाबाहेर एक वाकड्या रेषा, पाणी आटत गेलेल्या तळ्याच्या काठावर असतात तशा. दुसरा भाग लहान, खरबरीत, दाणेदार. ‘हा खरबरीत भाग एका क्षणात तुटला. हा गुळगुळीत मात्र किती दिवस तुटत होता बघा. प्रत्येक हिसक्याला केसाच्याही शंभराव्या हिश्श्यानं. ओझं मोठं असायला लागत नाही आबा. लहानच, पण परत परत. रिकामी ट्रॉली तर जास्त उडते.’

मग तिचं बोट एका रेषेवर थांबलं. बाकीच्यांपेक्षा ती ठळक होती, काळपट. ‘इथं मात्र कुणीतरी एकदाच फार मोठा भार टाकलाय. आणि पुढच्या रेषा बघा, किती दाट आल्यात. भेग इथं जवळजवळ थांबली होती.’

‘भारानं भेग थांबती?’ मी विचारलं.

‘काही काळ. जास्तीचा भार पडला की भेगेच्या टोकाजवळचं लोखंड ताणलं जातं, आणि भार निघाला की आजूबाजूचं लोखंड त्याला गच्च आवळून धरतं. मग रोजच्या लहान हिसक्यांना ते तोंड उघडत नाही. लोकांना वाटतं, बरं झालं. पण ती त्या आवळलेल्या लोखंडातून हळूहळू सरकत असते. तेवढं पार केलं की परत पहिल्यासारखी पळायला लागते.’

‘अन् थांबलीय का मेलीय, कसं कळायचं?’

‘नुसतं बघून नाही कळत आबा. दिसायला दोन्ही सारख्याच.’

तिनं वर बघितलं. माझ्या तोंडाकडं बघून तिचं हसू मावळलं. ‘हे कुणाच्या गाडीचं आहे?’ मी सांगितलं नाही. पण ती याच गावात वाढलीय. तिनं ते फडक्यात गुंडाळलं, जागच्या जागी ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं निघून गेली. भाऊबीजेला थांबणार होती, थांबली नाही.

तोपर्यंत माझ्याकडं लोकांचं ते वाक्य होतं. काळ आला होता. दसऱ्याला मोडली नाही, रिकाम्यात मोडली, म्हणजे नशीबच. मी पाच वर्षं त्या वाक्याच्या आडोशाला बसलो होतो. शीतलनं तो आडोसा काढून घेतला. आता मला कळतंय की आम्ही दुप्पट पोती भरून भेगेला झोपवलं, आणि ती झोपलेली बघून मी गयाबाईसकट बारा बायांना वर चढवलं. माझी रीत, बापापासून आलेली, छाती काढून सांगितलेली रीत. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात. ते चांगल्याच गोष्टींचं साचतं असं थोडंच आहे?

आता टोळी गयाबाईची सून नेते. सविता तिचं नाव. सासूसारखी बोलकी नाही, पण सासूची एक सवय तिनं उचललीय. ट्रॉलीत बसायच्या आधी दुकानाच्या दाराशी येऊन विचारते, ‘मामा, बसू का?’ सासू विचारायची म्हणून ती विचारते. आणि मी दरवर्षी म्हणायचो, ‘मला काय इचारती, मालकाला इचार.’ तिला वाटत असणार, म्हातारा खवट आहे.

काल सकाळी तिनं विचारलं तेव्हा मी तिला आत बोलावलं. डबा काढला. फडकं सोडलं. कुठून सुरुवात करावी कळेना, म्हणून हळदीपासून केली. नवमी, दसरा, पंचाचे ठिपके, अकरा दिवस, टाचांची थट्टा, सगळं. मला वाटलं होतं रडू येईल. आलं नाही.

तिनं ते लोखंड हातात घेतलं नाही. लांबूनच बघितलं.

‘म्हंजी आत्याबाईनं इचारलं तवा तुमाला ठाव व्हतं?’

‘ठाव व्हतं.’

‘अन् तिला बी?’

‘चिरा हाय एवढं तिला मी सांगितलं व्हतं. भरवसा माझ्यावर ठिवला.’

बाहेर बाया हाका मारत होत्या, भगवानराव हॉर्न वाजवत होता. मग ती म्हणाली, ‘कसं बगायचं ते दावा मला.’

मी डिझेलचं फडकं दिलं. नवमीच्या ताटातली हळद कोनाड्यात होती, ती दिली. पदर खोचून ती ट्रॉलीखाली शिरली. ट्रॉली नवी आहे, जुन्या अपघातानंतर घेतलेली. नवी म्हणजे तिलाही आता पाच हंगाम झाले. मी बाहेर उकिडवा बसून सांगत होतो, पूस, कोरडं कर, आता लाव, आता थांब. भगवानराव वरून ओरडला, ‘काय लावलंय हे? दिस वर आला!’

खालून सविताचा आवाज आला. ‘मामा, रेघ हाय. लय बारीक हाय. बोटभर बी न्हाई.’ थोडं थांबून म्हणाली, ‘बसू का?’

मी वाकून बघितलं. भेग होती की रंगाचा ओरखडा, मला आजही सांगता येणार नाही. डोळे अधू झालेत आणि उजेड तिरपा होता. ओरखडाच असेल. बहुतेक ओरखडाच.

‘नको,’ मी म्हणालो.

भगवानराव खाली उतरला. ‘सहा वर्सांनी शाना झालास व्हय रे? तवा कुठं गेलती अक्कल?’ सगळ्यांसमोर म्हणाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आमच्या दोघांत ती गोष्ट मोठ्यानं बोलली गेली.

बाया खाली उतरल्या. कुरकुरल्या, कारण रान दीड कोस लांब आणि ऊन चढायला लागलेलं. इळे पदरात गुंडाळून त्या रस्त्यानं चालायला लागल्या. सविता सगळ्यांत मागं होती. हाताला हळद आणि डिझेल लागलेलं, ते तिनं माझ्या दाराच्या चौकटीला पुसलं आणि माझ्याकडं वळली. रागावलेली नव्हती. रागावली असती तर बरं झालं असतं.

‘तवा बी एवढंच म्हनायचं व्हतं की मामा,’ ती म्हणाली. ‘आत्याबाई चालत गेली असती. तिला चालायची सवय व्हती.’